युद्धाला विरोध आणि सैनिकाला साथ : माजी सैनिकांसह खुली चर्चा कशी घडवावी

सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा बुलडाणा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात युद्धाच्या विरोधात जाहीरपणे बोलायला उभे राहिले, की समोर बसलेल्यांपैकी कोणाचा मुलगा सीमेवर असतो, कोणाचा भाऊ नुकताच पलटणीतून निवृत्त झालेला असतो आणि कोणाच्या घरात गणवेशातल्या फोटोला हार घातलेला असतो. अशा श्रोत्यांपुढे युद्ध वाईट असते एवढेच सांगून खाली बसणारा वक्ता बहुतेक वेळा आपल्या म्हणण्याला असलेला पाठिंबाही गमावून बसतो. हा लेख गावातल्या वाचनालयात, महाविद्यालयात किंवा शहरातल्या सोसायटीच्या सभागृहात माजी सैनिक आणि इतर नागरिक यांना या विषयावर एकत्र बसवू इच्छिणाऱ्यांसाठी लिहिला आहे. युद्धाचा निर्णय लोकांनी निवडून दिलेले सरकार घेते आणि तो अमलात आणणाऱ्या सैनिकाला त्यावर प्रश्न विचारण्याची मुभा नसते. म्हणून तो प्रश्न विचारण्याची जबाबदारी नागरिकावर येते, आणि त्याच कारणाने निर्णयाची किंमत मोजणाऱ्या सैनिकाच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारीही नागरिकावरच येते, अशी माझी ठाम धारणा आहे. पुढच्या सगळ्या सूचना तिच्यातूनच आलेल्या आहेत.

सुरुवात श्रीलंकेपासून करावी

पहिल्याच सभेत पाकिस्तानचा विषय काढू नये. त्या विषयावर प्रत्येक जण घरूनच मत ठरवून आलेला असतो, आणि पहिल्या दहा मिनिटांतच चर्चा देशभक्ती सिद्ध करण्याच्या चढाओढीत अडकते. त्याऐवजी भारतीय शांतिसेनेच्या श्रीलंकेतील मोहिमेपासून सुरुवात करावी. ती इतकी जुनी आहे की तिच्याविषयी शांतपणे बोलता येते, आणि इतकी जवळची आहे की तिच्यात लढलेले लोक आजही आपल्या गावांत भेटतात.

चर्चेच्या आधी मोहिमेची मोजकी माहिती वाचून दाखवावी. २९ जुलै १९८७ रोजी तिथल्या सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातला संघर्ष थांबवण्यासाठी पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला आणि भारतीय सैन्य त्या बेटावर उतरले. ज्या तमिळ वाघांनी, म्हणजे एलटीटीई या सशस्त्र बंडखोर संघटनेने, शस्त्रे खाली ठेवणे अपेक्षित होते, त्यांच्याशीच ऑक्टोबरपासून शांतिसेनेला लढावे लागले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी माघारी आली, तोवर अकराशेहून अधिक भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले होते. या मोहिमेतले परमवीर चक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले आणि महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे अधिकारी होते. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून घेऊन त्याला ठार केले आणि शेवटपर्यंत आपल्या जवानांना आदेश देत राहिले. हे सैन्य पाठवण्याचा निर्णय चुकला होता, असे आज अनेक निवृत्त अधिकारीही मोकळेपणाने सांगतात, पण त्यामुळे परमेश्वरन यांच्या शौर्याविषयी कोणाच्या मनात शंका येत नाही. निर्णय आणि कर्तव्य या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात हे श्रोत्यांना पटवून देण्यासाठी एवढे एक उदाहरण बहुधा पुरते.

त्यानंतर जरा अवघड प्रश्न ठेवावा. शांतिसेना मद्रासला परतली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी यांनी तिच्या स्वागताला जाणे नाकारले. त्यांचा राग निराधार नव्हता. मोहिमेच्या काळात तमिळ नागरिक मारले गेले होते, आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफना येथील रुग्णालयात घुसलेल्या भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका यांचा जीव गेला होता. करुणानिधी यांनी केले ते योग्य होते का, असा प्रश्न सभेला विचारावा आणि बोलण्याला पुरेसा वेळ द्यावा. माझे मत असे आहे की ज्या निर्णयाचा त्यांना राग होता तो दिल्लीत घेतला गेला होता, आणि जहाजातून उतरणारा शिपाई त्या रागाचा धनी नव्हता. पण त्याच वेळी रुग्णालयात जे घडले त्याची चौकशी मागण्याचा अधिकारही कोणी सोडू नये. सैनिकाला साथ द्यायची म्हणजे त्याच्या प्रत्येक कृत्यावर पांघरूण घालायचे, असा अर्थ सभेत रुजू देऊ नये. शिस्तीचा अभिमान असलेले माजी सैनिक हा मुद्दा इतरांपेक्षा लवकर मान्य करतात, कारण एका तुकडीच्या गैरवर्तनाचा डाग साऱ्या पलटणीवर पडतो हे त्यांनी पाहिलेले असते.

माजी सैनिकांचे मत एकच असते असे समजू नये

युद्धविरोधी कार्यकर्ते अनेकदा सगळ्या माजी सैनिकांना युद्धखोर ठरवून त्यांना बोलावण्याचेच टाळतात, आणि युद्धाचे समर्थक त्या सगळ्यांच्या वतीने परस्पर बोलून मोकळे होतात. दोघेही प्रत्यक्ष माणसांना विचारत नाहीत. निमंत्रणे देताना निरनिराळ्या मतांचे किमान तीन-चार माजी सैनिक येतील, आणि त्यात केवळ निवृत्त अधिकारी नसून हवालदार आणि सुभेदार या हुद्द्यांवरून निवृत्त झालेलेही असतील, याची काळजी घ्यावी. गावातली बहुसंख्य फौजी घरे जवानांची आणि जेसीओंची (सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांची) असतात. व्यासपीठावर मात्र कर्नल आणि ब्रिगेडियरच दिसतात, आणि त्यामुळे खंदकात बसलेल्या माणसाचा अनुभव ऐकायचा राहून जातो.

महाराष्ट्राशी संबंध असलेली दोन माणसे या मतभेदाचा आवाका दाखवतात. अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांनी १९७१ च्या युद्धात आयएनएस ब्यास या युद्धनौकेचे नेतृत्व केले, वीरचक्र मिळवले आणि १९९० ते १९९३ या काळात ते नौदलप्रमुख होते. निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहून त्यांनी भारत आणि पाकिस्तान यांच्यातील शांततेसाठी आणि अण्वस्त्रांच्या विरोधात काम केले, आणि या कामासाठी २००४ मध्ये पाकिस्तानचे इब्न अब्दुर रहमान यांच्यासह त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुसरे माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे. १० मे २०२५ रोजी भारत आणि पाकिस्तान यांच्यातील लढाई थांबल्यावर, ती इतक्यात का थांबवली असा सूर समाजमाध्यमांवर उमटत असतानाच, नरवणे यांनी पुण्यातल्या एका कार्यक्रमात सांगितले की युद्ध ही रम्य गोष्ट नाही आणि तो हिंदी चित्रपटही नाही, आदेश मिळाला तर आपण युद्धाला जाऊ, पण आपली पहिली पसंती मुत्सद्देगिरीला राहील. गोळीबारात आईवडील गमावलेल्या सीमेवरच्या मुलांचाही त्यांनी उल्लेख केला. रामदास यांनी विरोधाची चळवळ केली, तर नरवणे यांनी आदेश पाळण्याची तयारी दाखवून सावधगिरीचा सल्ला दिला. दोघांनाही सैनिकाचा शत्रू म्हणता येणार नाही, हे चर्चेत स्पष्टपणे मांडावे.

याउलट मत असणाऱ्यांनाही तितक्याच आदराने ऐकून घ्यावे. लढाई सुरू झाल्यावर घरातून विरोधाचा सूर निघाला की पुढच्या ठाण्यावरच्या माणसाचे मनोधैर्य खचते आणि शत्रू त्याचा प्रचारासाठी वापर करतो, असे मानणारे माजी सैनिक पुष्कळ आहेत. हे म्हणणे भाबडे नाही. मोबाइल फोन आता ठाण्यापर्यंत पोहोचला असल्यामुळे गावातल्या सभेतले वाक्य संध्याकाळपर्यंत तिथे ऐकू जाते, आणि विरोधकाने आपले प्रत्येक वाक्य तिथे ऐकले जाणार आहे असे धरूनच बोलावे. तरीही लढाई सुरू असताना सगळ्यांनी गप्प बसायचे आणि संपल्यावर बोलायचे, हा नियम मला मान्य होत नाही, कारण मधल्या काळात जाणारे जीव संपल्यावर केलेल्या चर्चेने परत येत नाहीत.

एप्रिल २०१९ मध्ये, निवडणुकीच्या काळात, सैन्याचा राजकीय प्रचारासाठी होणारा वापर थांबवावा अशी मागणी करणारे एक पत्र दीडशेहून अधिक माजी सैनिकांच्या नावांनिशी राष्ट्रपतींना उद्देशून प्रसिद्ध झाले. त्यातील काही ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी आपली संमती नव्हती असे लगेच सांगितले, तर इतरांनी आपण सही केल्याचे ठामपणे मान्य केले. या घटनेतून संयोजकाने घ्यायचा धडा अगदी व्यावहारिक आहे : कोणाचेही नाव निवेदनाखाली घालण्यापूर्वी पूर्ण मजकूर त्या व्यक्तीला वाचायला द्यावा आणि प्रत्यक्ष सही घ्यावी. फोनवरच्या होकारावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्यावर विसंबून राहू नये. मागणी कितीही रास्त असली, तरी एका नावावरून वाद झाला की पुढे लोक त्या नावाविषयीच बोलत राहतात.

सेवेत असलेल्याला व्यासपीठावर आणू नये

सुट्टीवर आलेला जवान सभेला आला आणि मागे बसून ऐकत राहिला, तर त्याला बोलण्याचा आग्रह करू नये, त्याचे छायाचित्र घेऊ नये आणि त्याचे मत काय हे त्याच्या वडिलांकडूनही वदवून घेऊ नये. संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैन्यदलातील व्यक्तींचे मूलभूत अधिकार मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि सैन्य अधिनियम १९५० व त्याखालचे १९५४ चे नियम सेवेतील सैनिकाला राजकीय सभांत भाग घेण्यास व परवानगीशिवाय वृत्तपत्रांशी बोलण्यास मनाई करतात. कौतुकाने पुढे केलेला माइकही त्याच्या नोकरीवर बेतू शकतो.

दिवस आणि जागा

गावात एखाद्या सैनिकाचे अंत्यसंस्कार झाले असतील तर तेरावे होईपर्यंत आणि त्यानंतरही काही महिने या विषयावर सभा घेऊ नये, मग बाहेरचा वक्ता कितीही मोठा मिळत असो. राष्ट्रीय सण आणि २६ जुलैचा कारगिल विजय दिन हे स्मरणाचे दिवस आहेत, त्या दिवशी वाद नको. सभा शाळेच्या हॉलमध्ये किंवा वाचनालयात घ्यावी. कोणत्याही पक्षाचा फलक, देणगीदाराचे नाव किंवा निवडणूक लढवू इच्छिणाऱ्याचे छायाचित्र लावू नये. हुतात्म्यांची छायाचित्रे लावायची असतील, तर आधी त्यांच्या घरच्यांना विचारावे. निवडणूक आयोगानेही २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत असे राजकीय पक्षांना कळवले होते, आणि तीच मर्यादा युद्धविरोधी पत्रकानेही पाळावी असे मला वाटते.

‘मग माझा मुलगा कशासाठी गेला?’

हा प्रश्न येणार हे धरूनच तयारी करावी. एखादी वीरमाता किंवा वीरपत्नी उठून विचारते की तुम्ही या युद्धाला चूक म्हणता, मग आमचा माणूस फुकट गेला का. त्या क्षणी युक्तिवाद करू नये. वक्त्याने उभे राहून त्या घराने काय दिले आहे हे प्रथम स्पष्ट शब्दांत मान्य करावे, सैनिकाचे नाव घ्यावे, आणि त्याने आपले कर्तव्य पार पाडले याविषयी आपल्याला कोणतीही शंका नाही असे सांगावे. आपला प्रश्न त्याला तिथे पाठवणाऱ्या निर्णयाविषयी आहे, आणि पुढच्या घरावर ही वेळ विनाकारण येऊ नये यासाठीच तो विचारला जात आहे, हे त्यानंतर सांगावे. तिने हे मान्य केले नाही, तर मान्य न करण्याचा तिचा हक्क आहे. तिचे समाधान झाले असे गृहीत धरून विषय बदलू नये, आणि सभा संपल्यावर तिच्याकडे जाऊन पुन्हा समजावण्याचा प्रयत्नही करू नये.

दुःखात असलेले प्रत्येक घर सूडच मागते, हा समज तर मुळीच बाळगू नये. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाम येथे हवाई दलाचे हेलिकॉप्टर कोसळून नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे यांच्यासह हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडले. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले होते, हे नंतर चौकशीत निष्पन्न झाले. पण चौकशीचा निष्कर्ष येण्याच्या कितीतरी आधी, अंत्यसंस्काराच्याच दिवसांत, मांडवगणे यांच्या पत्नीने आम्हाला युद्ध नको असे सांगितले होते, आणि समाजमाध्यमांवर युद्धाची भाषा करणाऱ्यांना एवढाच जोश असेल तर सैन्यात भरती व्हा असे सुनावले होते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यात पती गमावलेल्या एका नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीने मुसलमानांचा किंवा काश्मिरींचा द्वेष करू नका असे आवाहन केले, तेव्हा तिच्यावर इतकी गलिच्छ टीका झाली की राष्ट्रीय महिला आयोगाला निषेध करावा लागला. सैनिकाच्या कुटुंबाविषयीचा आदर ते आपल्याला हवे ते बोलेपर्यंतच टिकत असेल, तर तो आदर कसला, असा प्रश्न सभेत अवश्य विचारावा.

अमेरिकेतले एक उदाहरणही सांगण्यासारखे आहे, कारण तिथे हा वाद व्हिएतनामपासून अधिक उघडपणे झाला आहे. अँड्र्यू बेसेविच हे व्हिएतनाममध्ये लढलेले, कर्नल म्हणून निवृत्त झालेले प्राध्यापक इराक युद्धाला सुरुवातीपासून विरोध करत होते, आणि त्यांचा मुलगा त्याच युद्धात अधिकारी होता. मे २००७ मध्ये तो इराकमध्ये मारला गेला, तेव्हा तुमच्या विरोधामुळेच हे घडले असे त्यांना कळवणारेही निघाले. त्यांनी मांडलेली भूमिका अशी होती की मुलगा सैनिक म्हणून आणि आपण नागरिक म्हणून, दोघेही आपापले कर्तव्य करत होतो. एकाच घरात ही दोन कर्तव्ये शेजारी राहू शकली, तर एका गावात ती राहायला काय हरकत आहे?

साथ म्हणजे काय, हे कागदावर ठरवावे

चर्चेचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो. युद्धाचे समर्थक आणि विरोधक या दोघांनाही एकच प्रश्न विचारावा : गेल्या वर्षभरात तुम्ही गावातल्या कोणत्या फौजी घराचे कोणते काम केले? सैनिकांच्या नावाने घोषणा सगळीकडेच दिल्या जातात. इराक युद्धाच्या ऐन भरात अमेरिकेत गाडीगाडीवर सैनिकांना पाठिंबा देणाऱ्या पिवळ्या फिती लागल्या होत्या, आणि त्याच काळात, २००७ च्या फेब्रुवारीत, राजधानीतल्या वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयाच्या एका इमारतीत जखमी सैनिक बुरशी लागलेल्या खोल्यांत राहत असल्याचे उघड झाले.

आपल्याकडे करण्यासारखी कामे पुष्कळ आहेत आणि ती करायला युद्धाविषयी एकमत लागत नाही. सैनिकाच्या पीपीओवरचे (निवृत्तिवेतनाच्या आदेशावरचे) पत्नीचे नाव आणि तिच्या आधार कार्डावरचे नाव जुळत नसल्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन अडकून पडते. स्पर्श या सैनिकी निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीवर वार्षिक हयातीचा दाखला भरणे वृद्ध विधवांना जमत नाही आणि पैसे थांबल्यावरच ते लक्षात येते. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावर नाव चढलेले नसते. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, पण तिथपर्यंत कागद घेऊन सोबत जाणारा माणूस लागतो. अशा सोबत्यांची यादी सभेतच तयार करावी, आणि ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला निधीच्या डब्यात नोट टाकण्यापेक्षा या यादीत नाव देणे अधिक मोलाचे आहे हे सांगायला संकोच करू नये.

मृत्यू कशामुळे झाला यावर घराला काय मिळते हे ठरते, ही गोष्टही सर्वांना समजावून सांगावी. युद्धात किंवा शत्रूच्या कारवाईत मृत्यू झाल्यास शेवटच्या वेतनाइतके उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, तर सेवेशी संबंध असलेल्या अपघातात किंवा आजारात मृत्यू झाल्यास त्याचे प्रमाण साठ टक्के असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा येथे मारले गेलेले ४० जण केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते, आणि त्यांत बुलडाणा जिल्ह्यातले दोघे होते. अशा केंद्रीय निमलष्करी दलांत १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी नवी अंशदायी योजना लागू झाली, सैन्याला मात्र जुनीच राहिली. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना कायम केले जाते, आणि सेवेत मृत्यू आला तर विम्याचे ४८ लाख आणि इतर रकमा मिळतात, पण कुटुंबाला नियमित निवृत्तिवेतन नसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर मृत्यू पावलेला अग्निवीरही बुलडाणा जिल्ह्यातलाच होता. ज्या जिल्ह्याने हे अनुभवले आहे, तिथे सैनिकाला साथ देण्याचा अर्थ या तफावतींवर बोलण्यापासून सुरू व्हायला हवा, आणि युद्धाला पाठिंबा देणाऱ्यांनी हा प्रश्न विरोधकांपेक्षाही मोठ्या आवाजात विचारायला हवा.

पुण्याजवळच्या खडकी येथील पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात कंबरेखालचे शरीर निकामी झालेले सैनिक राहतात आणि काम शिकतात. शक्य असल्यास सभेपूर्वी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक लहान गट रीतसर परवानगी घेऊन तिथे न्यावा. जाणाऱ्यांना आधी बजावावे की युद्धाविषयी कोणाचे मत विचारायचे नाही. तिथले लोक आपणहून काय बोलतात ते ऐकायचे.

सभेअखेरचे दोन कागद

ठराव करायचा असेल तर दोन स्वतंत्र कागद करावेत. पहिला कागद आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला पाठवावा. त्यात युद्धाचा निर्णय, त्यामागची उद्दिष्टे, संसदेतली चर्चा आणि वाटाघाटींचे मार्ग यांविषयी सभेचे म्हणणे असावे, आणि सभेत मतभेद असतील तर बहुमत आणि अल्पमत दोन्ही नोंदवावेत. दुसरा कागद जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना पाठवावा. त्यात प्रलंबित निवृत्तिवेतन प्रकरणे संबंधित घरांच्या संमतीने, नावानिशी आणि तारखेसह नोंदवावीत, आणि पाठपुरावा कोण करणार हेही लिहावे. या दुसऱ्या कागदावर युद्धाविषयी एक शब्दही नसावा, म्हणजे ज्याला पहिला कागद मान्य नाही त्याला दुसऱ्यावर सही करता येईल. पहिल्या कागदाला उत्तर येण्याची वाट पाहत बसू नये. दुसऱ्या कागदावरच्या कामांसाठी मात्र महिन्याभराने त्याच हॉलमध्ये पुन्हा जमण्याचा दिवस सभा संपण्यापूर्वीच ठरवून घ्यावा.